संगीतशास्त्र विकीवर नवी नोंद : विषयाची पात्रता, जोडावयाची कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील संगीतशिक्षक, भजनी बुवा आणि वादक मिळून चालवत असलेल्या आमच्या मराठी संगीतशास्त्र विकीकडे नव्या नोंदींसाठी येणाऱ्या अर्जांपैकी बरेचसे परत जातात. त्याचे कारण क्वचितच लेखनाचा कच्चेपणा असतो. बहुतेक वेळा विषयच या विकीच्या कक्षेबाहेरचा असतो. हा फेरा वाचावा म्हणून कोणता विषय येथे बसतो, अर्ज कोणाला करता येतो आणि सोबत काय जोडावे लागते, याची माहिती पुढे दिली आहे.

विषयाची पात्रता

नोंद वाचून संगीत कसे रचलेले आहे हे वाचकाला कळले पाहिजे, ही एकच मुख्य कसोटी आहे. स्वर, श्रुती (स्वरांमधील सूक्ष्म अंतरे), राग, ताल, लय, चालीचा घाट, वाद्याची सुरावट आणि स्वरलेखन यांपैकी कशाचाही उलगडा करणारी नोंद पात्र ठरते. कोणी गायले, किती बक्षिसे मिळाली, मंडळ कोणत्या साली स्थापन झाले, ही माहिती खरी आणि जपून ठेवण्याजोगी असली तरी तिची जागा येथे नाही. वेंगुर्ल्यातील एखाद्या भजनी मंडळाचा इतिहास लिहावयाचा असल्यास २००३ सालापासून चालू असलेला मराठी विकिपीडिया पाहावा. मात्र तेथेही मंडळाबाहेरच्या कोणी तरी प्रसिद्ध केलेला विश्वसनीय मजकूर आधाराला लागतो. त्याच मंडळात ८ मात्रांच्या (मात्रा म्हणजे ताल मोजण्याचे एकक) भजनी ठेक्यात पखवाजाचे बोल कसे बसवतात, नामाचा गजर चढत्या लयीत नेताना ठेका कोठे बदलतो आणि त्या वेळी झांज कोणत्या मात्रेवर धरतात, हे लिहिल्यास ती नोंद आम्हाला हवीच आहे.

कोकणातील बहुतेक प्रकार या सीमेवर उभे असतात, त्यामुळे अर्जदारांचा गोंधळ होणे साहजिक आहे. दशावताराची रंगभूषा, पात्रे आणि आख्याने कक्षेबाहेर राहतात. परंतु हार्मोनियम, पखवाज आणि झांज यांच्या साथीने पद म्हणून नट पुन्हा गद्य संवादावर येतो तेव्हा हार्मोनियम सूर कसा धरून ठेवते, हा विषय कक्षेत येतो. जाखडी या कोकणी लोकनृत्यातील शक्तीवाले आणि तुरेवाले या दोन पक्षांचे सवाल-जवाब साहित्याच्या अभ्यासकांनी पाहावेत. त्या सवालांची चाल आणि ढोलकीचा ठेका यांचा अभ्यास येथे यावा. नमन-खेळे या लोकनाट्यातील गण आणि गवळण यांच्या चालींवरची एक नेटकी नोंद आम्हाला यमन रागाच्या आणखी एका परिचयापेक्षा अधिक मोलाची वाटते, कारण यमन कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडतो आणि गणाची चाल बहुधा मृदंग वाजवणाऱ्याच्या हातातच राहिलेली असते.

शास्त्रीय विषयांवरील नोंदींत मत आणि वस्तुस्थिती यांची सरमिसळ चालत नाही. षड्जग्राम या प्राचीन स्वरमांडणीत सा, म, प यांना प्रत्येकी ४, रे आणि ध यांना ३, तर ग आणि नि यांना २ अशा एकूण २२ श्रुती नाट्यशास्त्रात सांगितल्या आहेत. त्या ग्रंथात एक वीणा स्थिर ठेवून दुसरी उतरवत नेण्याची सारणा आहे, कंपनसंख्यांची गुणोत्तरे नाहीत. गुणोत्तरे पुढच्या अभ्यासकांनी मांडली. म्हणून श्रुतींचे कोष्टक देणाऱ्याने ते कोणाचे हे लिहिलेच पाहिजे. हीच गोष्ट दहा थाटांची, म्हणजे रागांचे गट पाडणाऱ्या सात स्वरांच्या संचांची. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी रुजवलेली ती एक वर्गवारी आहे. पटदीप रागात फक्त गंधार कोमल असून निषादासह बाकीचे स्वर शुद्ध असतात, आणि असा स्वरसंच दहांपैकी एकाही थाटात नाही. तरीही रूढीने तो काफीत धरला जातो, आणि ही ओढाताण नोंदीत दिसली पाहिजे. अमुक राग ऐकल्याने अमुक रोग बरा होतो, अशा स्वरूपाची नोंद कोणत्याही सबबीवर घेतली जात नाही.

विषय पात्र असूनही स्वतंत्र नोंद मिळेलच असे नाही. रूपक तालाच्या ७ मात्रा आणि समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, येणारी खाली (टाळीऐवजी हात रिकामा दाखवण्याची जागा) यांविषयीची नोंद आधीच असल्यास, एखाद्या गावचा वेगळा ठेका तिच्यातच उपविभाग म्हणून जोडला जातो.

अर्जदार

अर्ज कोणालाही करता येतो. संगीताच्या विशारद किंवा अलंकार परीक्षेचे प्रमाणपत्र लागत नाही आणि ते जोडल्याने अर्जाचे वजन वाढत नाही. स्वतःच्या मंडळाच्या वादनपद्धतीवर लिहिणाऱ्याने आपला संबंध उघड सांगावा, एवढीच अपेक्षा आहे. ओळखपत्राची प्रत मागितली जात नाही. कृपया पाठवू नये.

जोडावयाची कागदपत्रे

मसुद्यासोबत स्वरलेखन आवश्यक आहे. ते भातखंडे पद्धतीने करावे, म्हणजे कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली आणि तार स्वरावर टिंब. पलुस्कर पद्धतीने केलेले लेखनही स्वीकारले जाते, मात्र एकाच नोंदीत दोन्हींच्या खुणा मिसळू नयेत. षड्ज (सा) हार्मोनियमच्या कोणत्या पट्टीवर धरला आहे, काळी एक की पांढरी चार, हे पहिल्या ओळीत लिहावे.

लिखित आधार नसलेल्या चालीसाठी ध्वनिमुद्रण जोडावे आणि ती चाल कोणाकडून, कोणत्या गावी, केव्हा शिकली किंवा ऐकली याची टीप द्यावी. शक्य असल्यास दोन वेगवेगळ्या गावांतील मुद्रणे द्यावीत, म्हणजे परंपरेचा भाग कोणता आणि एका बुवांची खासियत कोणती हे वेगळे करता येते. डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी बुवांच्या, सामन्यातील मुद्रणात कर्ण्यांचा आवाज आणि श्रोत्यांचा गलका इतका असतो की मात्रा मोजणे अशक्य होते; त्यापेक्षा सभामंडपात चौघांना बसवून केलेले साधे मुद्रण उपयोगी पडते. पावसाळ्यात पत्र्याखाली मुद्रण करण्याचा खटाटोप करू नये.

सर्वांत अधिक अर्ज हक्कांच्या कागदांवर अडतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगीतकृती म्हणजे केवळ संगीत आणि त्याचे लेखन. गीताचे शब्द ही स्वतंत्र साहित्यकृती ठरते. त्यामुळे तुकोबांच्या अभंगाचे शब्द सर्वांसाठी खुले असले तरी आजच्या एखाद्या बुवांनी त्याला लावलेली नवी चाल त्यांच्या मालकीची असते. साहित्य आणि संगीत यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षे प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून मोजतात, म्हणजे १९६० साली निघालेल्या ध्वनिमुद्रिकेचा हक्क २०२०च्या अखेरीस संपला. मात्र तिच्यातील गीताचा किंवा चालीचा हक्क तेव्हाही शिल्लक असू शकतो. गायक-वादकांचा आपल्या सादरीकरणावरील हक्क वेगळा असून तो ५० वर्षांचा आहे.

म्हणून मुद्रणात ऐकू येणाऱ्या प्रत्येक कलावंताचे लेखी संमतीपत्र जोडावे, झांज वाजवणाऱ्याचेसुद्धा. कलावंत १८ वर्षांखालील असल्यास पालकाची सही घ्यावी. या विकीवरील मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अ‍ॅट्रिब्यूशन-शेअरअलाइक ४.० या परवान्याखाली प्रसिद्ध होतो. श्रेय देऊन आणि त्याच अटी कायम ठेवून कोणीही त्याचा वापर करू शकतो, व्यापारी वापरसुद्धा, आणि एकदा दिलेला हा परवाना मागे घेता येत नाही. सही घेण्यापूर्वी बुवांना हे शांतपणे समजावून सांगणे ही अर्जदाराची जबाबदारी आहे. सामन्याच्या रात्री घाईत मिळवलेली सही आम्ही ग्राह्य धरत नाही.

चित्रपटगीताच्या चालीवर बांधलेले गजर ही नेहमीची अडचण आहे. ती चाल मूळ संगीतकाराची असल्याने तिचे संपूर्ण स्वरलेखन किंवा मुद्रण प्रसिद्ध करता येत नाही. समीक्षेपुरते मोजके उद्धरण कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसते, म्हणून ६ मात्रांच्या दादरा तालातील गाणे भजनी ठेक्यात उतरवताना स्वरांचे वजन कसे बदलते, हे एखाद-दुसऱ्या ओळीच्या आधारे दाखवावे.

अर्ज आणि निर्णय

प्रथम दहाएक ओळींचा विषयप्रस्ताव पाठवावा आणि तो पात्र ठरल्यावरच संपूर्ण मसुदा लिहावा. मसुदा दोघे तपासतात, त्यांपैकी एक जण त्या प्रकारात प्रत्यक्ष गाणारा किंवा वाजवणारा असतो. नोंद स्वीकारली जाते, दुरुस्तीसाठी परत येते, दुसऱ्या नोंदीत सामावली जाते किंवा कारण लिहून नाकारली जाते. गणेशोत्सवात आणि शिमग्यात तपासनीस स्वतःच आरत्यांत आणि पालखीमागे असल्यामुळे त्या काळात उत्तराची वाट पाहावी लागेल. नकार मान्य नसल्यास नवा आधार, नवे मुद्रण किंवा सुधारलेले स्वरलेखन जोडून फेरविचाराचा अर्ज करता येतो. तो पहिल्या दोघांना वगळून अन्य तपासनीसांकडे दिला जातो.