मूत्रकोशिका परीक्षण

मूत्रकोशिका परीक्षण : मूत्राशयाच्या अस्तरातून सुटून लघवीवाटे बाहेर पडणाऱ्या कोशिका सूक्ष्मदर्शकाखाली तपासून कर्करोगाचे निदान करण्याची पद्धत. शरीरात कोणतेही उपकरण घालावे लागत नसल्याने रुग्णाला तिचा त्रास होत नाही. वेदनेविना लघवीतून रक्त जाणाऱ्या रुग्णात, तसेच गाठ काढल्यानंतरच्या पाठपुराव्यात ती सिस्टोस्कोपीच्या (मूत्रमार्गातून दुर्बीण घालून मूत्राशय आतून पाहण्याच्या तपासणीच्या) जोडीला वापरतात.

या पद्धतीच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. बहुतेक पाठ्यपुस्तके जॉर्ज पापानिकोलाऊ व व्हिक्टर मार्शल यांच्या १९४५ मधील निबंधापासून सुरुवात करतात. तथापि प्राग येथील व्हिलेम दुशान लाम्ब्ल याने १८५६ मध्येच मूत्राशयाच्या कर्करोगातील कोशिकांचे लघवीतील स्वरूप वर्णिले होते. जिआर्डिया या आतड्यातील परजीवीशी जोडले गेलेले नाव याच लाम्ब्लचे. एडिंबरोच्या सँडर्सचा १८६४ मधील वृत्तांतही काही जण आद्य मानतात. पण त्यात लघवीतून पडलेल्या अर्बुदाच्या (गाठीच्या) तुकड्यांचे वर्णन आहे, सुट्या कोशिकांचे नव्हे. निरीक्षणाचा मान लाम्ब्लला आणि पद्धत रूढ करण्याचा मान पापानिकोलाऊ व मार्शल यांना देणे अधिक सयुक्तिक दिसते. पापानिकोलाऊचे रंजन हाताशी येईपर्यंत केंद्रकातील बारकावे खात्रीने वाचता येत नव्हते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

सकाळची पहिली लघवी या तपासणीसाठी घेत नाहीत; रात्रभर मूत्राशयात राहून कोशिका फुगतात व त्यांचा ऱ्हास होतो. त्यानंतरचा नमुना घेऊन तो अपकेंद्रित्रात फिरवतात, तळाचा साका काचपट्टीवर पसरतात आणि सुकण्याआधीच अल्कोहोलात बुडवून रंगवतात. उच्च श्रेणीच्या (अधिक आक्रमक) कर्करोगात केंद्रक गडद, खडबडीत व वेड्यावाकड्या कडांचे दिसते आणि कोशिकेचा बहुतांश भाग व्यापते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व २०२२ मध्ये सुधारलेल्या पॅरिस वर्गीकरणाने (या परीक्षणाचे निष्कर्ष नोंदवण्याच्या पद्धतीने) यासाठी केंद्रक व कोशिकाद्रव्य यांचे गुणोत्तर किमान ०.७ असावे, असा निकष ठेवला. नजरेने केलेल्या या अंदाजात तपासनीसांमध्ये फरक पडतो. मूतखडा, जंतुसंसर्ग आणि बीसीजी उपचार (बीसीजी लसीतील जंतू मूत्राशयात सोडून केलेला कर्करोगावरील उपचार) यांमुळेही निरोगी कोशिका विकृत दिसू शकतात.

परीक्षणाची खरी मर्यादा निम्न श्रेणीच्या (कमी आक्रमक) अर्बुदांत आहे. त्यांच्या कोशिका निरोगी कोशिकांसारख्याच दिसतात, त्यामुळे निष्कर्ष नकारात्मक आला तरी गाठ नाही असे म्हणता येत नाही. याउलट अस्तराला चिकटून पसरणारा सपाट कर्करोग दुर्बिणीला चकवतो, पण त्याच्या कोशिका सहज सुटत असल्याने लघवीत सापडतो. ही बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते. केवळ तेवढ्यासाठीही हे परीक्षण टिकून राहण्याच्या योग्यतेचे आहे.

१९९० च्या दशकापासून प्रथिने व जनुके शोधणाऱ्या चाचण्यांची भर पडली. एनएमपी २२ ही चाचणी केंद्रकातील एक प्रथिन मोजते. दाह किंवा मुतखडा असला तरी ती सकारात्मक येऊ शकते. यूरोव्हिजन चाचणीत ३, ७ व १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या प्रती आणि ९ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या एका तुकड्याचा लोप चमकणाऱ्या रंगखुणांनी पाहतात. एक्सपर्ट चाचणी पाच जनुकांचे संदेशवाही आरएनए मोजते. ती चालते ते यंत्र क्षयरोगाच्या सीबीनॅट तपासणीमुळे आपल्याकडील रुग्णालयांना परिचित आहे. एफजीएफआर ३ आणि टर्ट या जनुकांतील उत्परिवर्तने शोधणाऱ्या चाचण्याही पुढे आल्या आहेत. यांपैकी बहुतेकींची निम्न श्रेणीतील संवेदनशीलता (रोग असल्यास तो पकडण्याची क्षमता) कोशिका परीक्षणापेक्षा सरस आहे, विशिष्टता (रोग नसल्यास तसे दाखवण्याची क्षमता) मात्र सहसा कमी. सिस्टोस्कोपीची जागा यांपैकी एकीनेही पूर्णपणे घेतलेली नाही.

लक्षणे नसलेल्या सर्वसामान्य लोकांची सरसकट चाळणी करण्यास पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०११ मध्ये नोंदवले. रंगोद्योगातील कामगारांचा प्रश्न वेगळा आहे. फ्रँकफर्टच्या लुडविग रेन याने १८९५ मध्ये त्यांच्यातील मूत्राशयाच्या अर्बुदांकडे लक्ष वेधले होते, आणि ब्रिटनमध्ये अशा कामगारांच्या लघवीची नियमित कोशिका तपासणी पुढे अनेक वर्षे चालली.