फेल-भ्रमण

इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्ट या सरोवरांच्या प्रदेशात डोंगरमाथ्यांवरून पायी हिंडण्याची प्रथा. दोर व गिर्यारोहणाची साधने न घेता बहुधा एका दिवसात दोन-चार माथे जोडून परत दरीत उतरायचे, असे तिचे रूप असते.

‘फेल’ हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतील डोंगरवाचक शब्दापासून आला. नॉर्स वसाहतवाले येथे साधारणपणे दहाव्या शतकात, बहुधा आयर्लंड व मॅन बेटाकडून आले असावेत. टार्न (डोंगरातले लहान तळे), बेक (ओढा), थ्वेट (झाडी तोडून मोकळी केलेली जमीन) हे शब्दही त्यांचेच. स्कॅफेल या डोंगराच्या नावाविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते त्याचा अर्थ ‘झोपडीचा डोंगर’, तर काहींच्या मते ‘बोडका डोंगर’. माथ्यावरचा उघडा खडक पाहता दुसरा अर्थ अधिक पटतो. शेजारचे स्कॅफेल पाइक (९७८ मी.) हे इंग्लंडमधील सर्वोच्च शिखर होय.

स्थानिक वापरात मात्र फेल म्हणजे केवळ शिखर नव्हे. शेतांच्या वरच्या अंगाला घातलेल्या गडग्यापलीकडचे सामाईक चराऊ रान, हा त्याचा जुना अर्थ अजून टिकून आहे. तेथे हर्डविक जातीच्या मेंढ्या कुंपणावाचून आपापल्या ठरलेल्या भागातच चरतात. तो भाग कोकरू आईच्या मागे फिरून शिकते. ही गोष्ट भ्रमणाच्या इतिहासात सहसा तळटिपेत जाते, ते योग्य नाही.

फेल-भ्रमणाचा आरंभ कोणी केला, हा वादाचा विषय आहे. टॉमस ग्रे (१७६९) व टॉमस वेस्ट (१७७८) यांच्या लेखनाचा भर ठरावीक जागांवरून देखावा न्याहाळण्यावर होता. अनेक अभ्यासक कोलरिज या कवीला पहिला मान देतात. ऑगस्ट १८०२ मध्ये तो नऊ दिवस एकटा हिंडला आणि स्कॅफेलवरून ब्रॉड स्टँड या अवघड कड्याने उतरला. या भ्रमंतीचे त्याने केलेले वर्णन विलक्षण आहे यात शंका नाही. पण जोसेफ बडवर्थ या एक हात गमावलेल्या सैनिकी अधिकाऱ्याचे या प्रदेशातील पदयात्रेचे वर्णन १७९२ मध्येच प्रसिद्ध झाले होते. डोंगर चढण्यातला आनंद हेच प्रयोजन मानले, तर बडवर्थचा दावा अधिक सबळ ठरतो. अर्थात मेंढपाळ त्याआधी शेकडो वर्षे याच वाटा तुडवत होते. त्यांनी लिहिले नाही, इतकेच.

वर्ड्‌स्वर्थ या कवीच्या मार्गदर्शिकेने (प्रथम १८१०, निनावी) येथील दऱ्यांना चाकाच्या आऱ्यांची उपमा दिली, ती आजही भूगोलाच्या वर्णनात वापरली जाते. या दऱ्या हिमनद्यांनी खोदल्या. त्यांपैकी कित्येकींत लांबट सरोवरे आहेत, तर उंचावरील हिमगव्हरांत (हिमाने कोरलेल्या वाटीसारख्या खोलगटांत) टार्न साचले आहेत. विंडरमिअर हे सर्वांत लांब सरोवर, तर वास्टवॉटर सर्वांत खोल. नावात ‘लेक’ हा शब्द मात्र रूढार्थाने एकट्या बॅसनथ्वेटच्याच आहे.

वाटांचा हक्क भांडून मिळवावा लागला. १८८७ मध्ये केझिकजवळच्या लॅट्रिग डोंगराची वाट बंद केल्यावर सुमारे दोन हजार लोक अडथळे ओलांडून माथ्यावर गेले. १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. मोकळ्या डोंगराळ रानात पायी फिरण्याचा कायदेशीर हक्क २००० च्या कायद्याने दिला. २०१७ मध्ये हा प्रदेश जागतिक वारसा यादीत आला.

आल्फ्रेड वेनराइट यांच्या मार्गदर्शिकेच्या हस्तलिखित-सचित्र सात खंडांत (१९५५–६६) २१४ फेल आहेत. ते सर्व चढून पुरे करणे हा अनेकांचा वर्षानुवर्षांचा संकल्प असतो.

पायांच्या वर्दळीने वाटांची धूप होते. तीव्र उतारावर दगड रोवून पायऱ्या बांधतात. दलदलीच्या काही ठिकाणी वाटेखाली हर्डविक मेंढ्यांची लोकर अंथरली गेली आहे.