व्हिक्टोरियन रचित छायाचित्रण

चित्रांतले, काव्यांतले प्रसंग पोशाख-सामानासह माणसे उभी करून कॅमेऱ्याने टिपण्याची इंग्लंडमधली पद्धत. तिचा बहर 1857 ते 1875 हा. तिला वळण दिले ते कलोडिअन या चिकट द्रावणाचा ओला थर दिलेल्या काचेने.

काचेवर कलोडिअन ओतून ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली आहे तोवरच, साधारण दहा मिनिटांत, चित्र घेऊन धुवायची. हा थर मुख्यतः निळ्या प्रकाशाला जागतो. त्यामुळे झाडे-माणसे नीट उमटेपर्यंत आकाश निगेटिव्हवर (उजेड-सावली उलट उमटलेल्या त्या काचेवर) काळेठिक्कर होई आणि छाप्यात कोरे राही. म्हणून आकाशाची काच वेगळी, माणसांची वेगळी.

जोडछपाईत, म्हणजे अशा अनेक काचा एकाच कागदावर छापताना, अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला अल्ब्युमेन कागद निगेटिव्हला भिडवून उन्हात ठेवत. नको तो भाग काळ्या कागदाने झाकलेला असे. एक आकृती उमटली की ती झाकून, खुणा जुळवून दुसरी काच लावायची. झाकण अपुरे पडले तर जोडावर काळी रेघ, जास्त झाले तर पांढरी. कागद दमट असला तर ताणून खुणा हुकत. म्हणून जोड गर्द सावलीत किंवा कपड्याच्या कडेवर घेत. हायपोत (चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात) छापा फिका पडतो, तेव्हा तो आधी गडदच काढायचा. मात्र दोन काचांवरचा उजेड वेगवेगळ्या बाजूंनी आला असेल, तर कितीही सफाईने ते झाकले जात नाही.

ऑस्कर रेजलँडरने 1857 मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून ‘टू वेज ऑफ लाइफ’ केले. हेन्री पीच रॉबिन्सनचे ‘लेडी ऑफ शॅलॉट’ (1861) इंग्रज कवी टेनिसनच्या काव्यावरचे, दोनच निगेटिव्हचे. चित्रकार मिलेच्या ‘ऑफीलिया’ या चित्राची छाया त्यावर स्पष्ट दिसते. छायाचित्राला हा विषय पेलणारा नव्हता, असे पुढे रॉबिन्सनलाच वाटले. मुंबईत विल्यम जॉन्सननेही (त्याच्या छायाचित्र-ग्रंथाचे खंड 1863 व 1866) स्टुडिओतले समूह निराळ्या पार्श्वभूमीवर छापले. तिथे कथा नव्हती, कसब मात्र तेच.

कलकत्त्यात जन्मलेल्या जूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांची वाट वेगळी, आणि अधिक जिवंत. टेनिसनच्या, आर्थर राजाच्या दंतकथांवरच्या काव्यावरची चित्रे (1874-75) त्यांनी बहुधा एकाच काचेवर घेतली. एकेका चित्राला काही मिनिटे लागत. त्या कथांतला जादूगार मर्लिन झालेल्या त्यांच्या पतीला हसू आवरेना, आणि त्याच्यामागचे ओकचे खोडही हलू लागे. आर्थरच्या अखेरच्या नौकेभोवतीच्या लाटा म्हणजे पांढरी मलमल. वरचा चंद्र त्यांनी निगेटिव्हवर ओरखडून काढला आहे.