किराण्याची मींड, मेम्फिसचा ट्रंपेट

सोलापुरात ट्रंपेट म्हटलं की वरात. पुढे हलगी, मधे नाचणारी पोरं, मागे बँड, आणि त्या सगळ्या गलक्यावर गाण्याचा मुखडा उचलून धरणारा ट्रंपेटवाला. पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीतल्या लग्नात तो तेलुगू सिनेमातली गाणी वाजवतो, दुसऱ्या गल्लीत मराठी-हिंदी, आणि फर्माईश आलीच तर कन्नडही. पण या वाद्यावर कुणी सावकाश राग मांडतो असं सांगितलं, तर लोक चेष्टा समजतात.

ओळखीच्या एका बँडमास्तरांना मी मध्यंतरी जॉन हॅसल या अमेरिकन ट्रंपेटवाल्याचं वादन मोबाईलवर ऐकवलं. तीनेक मिनिटं मान खाली घालून त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "गाणं कधी सुरू व्हायचंय?" मी म्हटलं, मास्तर, हेच गाणं. मग ते पुन्हा ऐकू लागले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "कळा दाबतच नाही हा. ओठावर चाललंय सगळं."

हॅसलच्या पन्नास वर्षांच्या खटाटोपाचं मर्म मास्तरांनी तेवढ्यात पकडलं होतं.

ट्रंपेटला तीन कळा. एकही न दाबता फुंकलं तर बिगुलासारखे मोजके सूर निघतात. मधली कळ सूर अर्ध्या स्वरानं उतरवते, पहिली एका स्वरानं, तिसरी दीड स्वरानं. यांच्या जोडण्यांतून बारा स्वर भरून निघतात. सूर असे पायऱ्यांवर बसवलेले, आणि आपल्या गायकीचा जीव तर दोन पायऱ्यांच्या मधल्या जागेत. तिथं जायचं तर कळ अर्धवट दाबून किंवा ओठांनी सूर ओढून न्यावा लागतो. शंखाला तरी कळा कुठे असतात!

आपल्याकडे हे वाद्य आलं ते पलटणींच्या बँडमधून. गोव्यात चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य नोटेशन शिकलेली पोरं मुंबईला गेली. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ हे त्यांतलेच. 'चिक चॉकलेट' या नावानं ते ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवत; लुई आर्मस्ट्राँग हा त्यांचा आदर्श. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी त्यांना हाताशी धरलं, आणि 1951 च्या 'अलबेला' या सिनेमात ही जोडी काय करू शकते ते सगळ्यांनी ऐकलं. जॅझचा ठेका सिनेमातून वरातीत उतरला तो असा. 'वर्ल्ड म्युझिक' हा शब्द दुकानांच्या फळ्यांवर चिकटण्याआधी आपण ते मांडवात वाजवत होतो, फक्त त्याला नाव दिलं नव्हतं.

हॅसलचा जन्म 1937 चा, मेम्फिसमधला. ईस्टमन या संगीतविद्यालयात शिक्षण झालं, मग साठच्या दशकात तो जर्मनीत कलोनला कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन या संगीतकाराकडे गेला. तिथं टेपचे तुकडे जोडून संगीत रचण्याचा अभ्यास. परतल्यावर टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराच्या 'इन सी' या रचनेच्या 1968 च्या पहिल्या ध्वनिमुद्रणात तो वाजवायला होता, आणि ला माँट यंगच्या मंडळीत तासन्‌तास एकच सूर धरून बसण्याची सवय त्याला लागली. षड्ज लावून बसणं ज्याला रटाळ वाटत नाही असा माणूस तयार झाला, एवढं आपल्या कामाचं.

नेमके याच सुमाराला किराणा घराण्याचे गायक पंडित प्राणनाथ अमेरिकेत पोहोचले होते. मूळचे लाहोरचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. डेहराडूनजवळच्या टपकेश्वराच्या गुहेत, शंकरापुढे, त्यांनी पाच वर्षं गाऊन काढली. नंतर दिल्ली विद्यापीठात शिकवलं. 1970 मध्ये ते अमेरिकेला गेले. यंग, रायली असे बंडखोर संगीतकार त्यांच्यापुढे मांडी घालून 'सा' लावायला बसले. 1972 मध्ये हॅसल त्यांच्याबरोबर डेहराडूनला आला.

इथं आपला संबंध येतो. किराणा म्हटलं की आपल्याला मिरज आठवते. अब्दुल करीम खाँ तिथं राहिले, तिथल्याच दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. वहीद खाँ त्यांच्या नात्यातले, किराण्याचे दुसरे खांब. करीम खाँचा प्रवाह सवाई गंधर्व, भीमसेन असा आपल्या कानांपर्यंत आला. वहीद खाँची संथ बढत, म्हणजे राग हळूहळू उलगडत नेणं, एका स्वराभोवती किती फिरावं याला हिशेब नाही, ती प्राणनाथांच्या गळ्यातून अमेरिकेत गेली. मिरजेचे तंबोरे ज्या भोपळ्यांतून घडतात ते भोपळे तर पंढरपूरच्या बाजूला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात पिकतात. त्यामुळे या विषयावर सोलापुरातून लिहायला मला संकोच वाटत नाही.

गुरू गाणारा आणि शिष्याच्या हातात ट्रंपेट. प्राणनाथ एक ओळ गाणार, ती याने पितळेतून परत द्यायची. झगझगीत 'पँऽऽ' उपयोगाचा नाही. हॅसलनं वाद्याची धार घालवली. श्वासाची सळसळ ऐकू येईल इतकं हळू फुंकायचं, सूर कुठे सुरू झाला ते कळू द्यायचं नाही, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधल्या जागेत रेंगाळायचं, म्हणजे आपली मींड. 1977 च्या 'व्हर्नल इक्विनॉक्स' या अल्बममध्ये हे पहिल्यांदा नीट ऐकू येतं. तालवाद्यांवर ब्राझीलचा नाना व्हास्कोन्सेलोस आहे. (हे नाव वाचून आपल्याकडच्या कुणा नानांची आठवण झाली तर दोष माझा नाही.) पुढे हॅसलनं हार्मोनायझर जोडला. या यंत्रातून एका सुराबरोबर त्याचेच दोन-तीन जुळे त्याच मींडेनं सरकत जातात. किराण्याचा एक गायक एकदम चार गळ्यांनी गातोय असा भास होतो. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचणार नाही. मलाही पहिल्यांदा ऐकताना तंबोऱ्यावर ट्यूबलाइट बांधल्यासारखं वाटलं होतं.

या सगळ्याला त्यानं नाव दिलं 'फोर्थ वर्ल्ड', चौथं जग. जुन्या परंपरा आणि नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रं यांतून उभं राहणारं एक काल्पनिक ठिकाण. 1980 चा 'पॉसिबल म्युझिक्स' हा अल्बम ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराबरोबरचा. ईनो प्रसिद्ध, त्यामुळे कल्पना हॅसलची असून बोलबाला ईनोचा झाला. ते हॅसलला लागलं. पुढे 2007 मध्ये ईनोनं लेख लिहून त्याचं ऋण जाहीरपणे मान्य केलं. त्या चौथ्या जगातलं सगळंच मला पटत नाही. मलायावरचा अल्बम मला दुरून पाहिलेल्या जंगलासारखा वाटतो. ज्या परंपरेपुढे तो शिष्य म्हणून बसला, ती त्याच्या फुंकेत उतरली. बाकीच्या पुष्कळशा सजावटीत राहिल्या.

याच प्राणनाथांकडे आणखी एक ट्रंपेटवाला शिकला, डॉन चेरी. 1959 मध्ये सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनबरोबर न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' या क्लबमध्ये त्यानं जॅझची घडी विस्कटली होती. हातात ओंजळीएवढा पॉकेट ट्रंपेट. नळी नेहमीच्याच लांबीची, फक्त जास्त वेटोळी केलेली. पुढे स्वीडनमधल्या एका जुन्या शाळेत बायको मोकीसह संसार मांडून तो तुर्की चाली, मालीची वीणा, आपले राग असं जे भेटेल ते मुलांना शिकवत आणि स्वतः शिकत राहिला. बेळगावच्या गायिका शोभा गुर्टूंचा तालवादक मुलगा त्रिलोक याच्या 1988 च्या 'उसफ्रेत' या अल्बममध्ये चेरीचा ट्रंपेट आणि शोभाताईंचा आवाज दोन्ही आहेत. चेरी वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाशी बोलणारा. हॅसल एकाच माणसाचं बोलणं जन्मभर आठवत बसलेला. स्वभावाचा फरक म्हणायचा.

1996 मध्ये प्राणनाथ गेले, 2021 मध्ये हॅसल. नव्यानं ऐकणाऱ्यांनी 1999 च्या 'फॅसिनोमा'पासून सुरुवात करावी. त्यात यंत्रांची गर्दी जवळजवळ नाही आणि बासरीवर रोणू मजुमदार आहेत. मास्तरांना मी पुढच्या खेपेला तेच ऐकवलं. बासरी कुठे थांबली आणि ट्रंपेट कुठे सुरू झाला हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग त्यांनी विचारलं, "माउथपीस कुठला लावतो हा?"