डॅडी किंग : एका बॅप्टिस्ट पाळकाच्या घराची पार्श्वभूमी

मार्टिन ल्युथर किंग यांची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा गांधीजींपासून सुरू होते. मला ती अटलांटातल्या ऑबर्न ॲव्हेन्यूवरच्या एका घरापासून सुरू करावीशी वाटते. त्याच नावाचे त्यांचे वडील, ज्यांना सगळे डॅडी किंग म्हणत, जवळच्याच एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचे १९३१ ते १९७५ अशी ४४ वर्षं पाळक होते. मुलाचा निर्भयपणा कुठून आला, ते या घरात शिरल्याशिवाय कळत नाही.

डॅडी किंग यांचा जन्म जॉर्जिया राज्यातल्या स्टॉकब्रिजजवळचा. वडील गोऱ्या मालकाची जमीन अर्धेलीने कसत. हिशेबाच्या वेळी मालक कापसाचे पैसे मोजून मोकळा झाला. सरकीचे पैसे राहिले, हे पोराने तिथल्या तिथे बोलून दाखवलं. हिशेब बरोबर होता, पण कुटुंबाला राहतं घर सोडावं लागलं. पुढे तरणाताठा मायकेल किंग (मूळ नाव हेच) अटलांटात आला. शिक्षण जेमतेम. मोठ्या वयात लहान मुलांच्या इयत्तेत बसून त्याने अभ्यास केला आणि १९३० मध्ये मोअरहाउस कॉलेजातून धर्मशास्त्राची पदवी मिळवली. दरम्यान १९२६ मध्ये एबेनेझरचे पाळक ए. डी. विल्यम्स यांची मुलगी अल्बर्टा हिच्याशी लग्न झालं होतं. क्रिस्टीन, मार्टिन आणि आल्फ्रेड डॅनियल ही तीन मुलं.

१९३१ मध्ये सासरे वारले आणि चर्च जावयाकडे आलं. मंदीचा काळ होता, डोक्यावर कर्ज होतं. तीन वर्षांनी, १९३४ मध्ये, ते जागतिक बॅप्टिस्ट परिषदेसाठी बर्लिनला गेले. परतल्यावर त्यांनी जर्मन धर्मसुधारकाच्या नावावरून स्वतःचं आणि पाच वर्षांच्या मुलाचं नाव मार्टिन ल्युथर केलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती परंपरेत वर बिशप (धर्मप्रांताचा प्रमुख) नसतो. पाळक कोण हे मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, ठरवते, पगारही मंडळीच देते. त्या काळच्या अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय शिक्षकाची नोकरी गोऱ्यांच्या शिक्षण मंडळाच्या हातात असे, मजुराची मालकाच्या. पाळकाची भाकरी मात्र आपल्याच माणसांकडून येई. डॅडी किंग यांनी ही मोकळीक पुरेपूर वापरली. १९३० च्या दशकात मतदार नोंदणीसाठी त्यांनी अटलांटाच्या नगरपालिकेवर मोर्चा नेला, कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्यांइतका पगार मिळावा म्हणून लढा दिला.

घरी शिस्त कडक होती, प्रसंगी पट्ट्याचा मारही. पण मुलांना खरं शिक्षण रस्त्यावर मिळालं. बुटांच्या दुकानात मागच्या खुर्च्यांवर बसा म्हटल्यावर वडील लहानग्या मार्टिनचा हात धरून बूट न घेताच बाहेर पडले. वाहतूक पोलिसाने ‘ए पोरा’ म्हणताच त्यांनी शेजारी बसलेल्या मुलाकडे बोट दाखवून बजावलं की पोर हा आहे, मी पुरुष आहे.

आणि तरीही १९५६ च्या फेब्रुवारीत हाच बाप हादरला. माँटगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध चाललेल्या बस बहिष्कारात मुलावर आरोप ठेवले गेले होते, अटक ठरलेली होती. त्यांनी अटलांटातल्या आपल्या घरी शहरातली वजनदार मंडळी जमवली, मुलाला समजवा म्हणून. मुलगा म्हणाला, मला परत गेलंच पाहिजे. मोअरहाउसचे प्रमुख बेंजामिन मेज यांनीही त्याचीच बाजू घेतली. वडिलांना रडू फुटलं. पण दुसऱ्या दिवशी माँटगोमेरीला निघालेल्या गाडीत ते मुलाबरोबर होते. डॅडी किंग कोण होते, हे मला या प्रसंगातून सगळ्यात जास्त कळतं.

१९६० पासून बापलेक एबेनेझरचे सहपाळक झाले. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये मार्टिनची हत्या झाली. पुढच्याच वर्षी धाकटा आल्फ्रेड डॅनियल घरच्या पोहण्याच्या तलावात मृतावस्थेत सापडला. ३० जून १९७४ च्या रविवारी उपासना चालू असताना, ऑर्गनवर बसलेल्या अल्बर्टा यांच्यावर एका तरुणाने गोळ्या झाडल्या. डीकन (चर्चचे एक पदाधिकारी) एडवर्ड बॉयकिन हेही त्यात गेले. पन्नासेक वर्षांच्या सोबतीणीला अशा रीतीने गमावलेल्या त्या म्हाताऱ्याने द्वेष करायला ठाम नकार दिला. मारेकऱ्याला मृत्युदंड झाला, पण किंग कुटुंबाचा फाशीला विरोध होता. पुढे ती शिक्षा जन्मठेपेत बदलली, त्यात या विरोधाचा वाटा होता.

१९७५ मध्ये ते निवृत्त झाले, पण गप्प बसले नाहीत. १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जिमी कार्टर यांच्या पाठीशी ते उघडपणे उभे राहिले. मुलाच्या जयंतीची राष्ट्रीय सुट्टी कायद्याने ठरलेली त्यांनी १९८३ मध्ये पाहिली. ती पहिल्यांदा पाळली गेली जानेवारी १९८६ मध्ये. डॅडी किंग ११ नोव्हेंबर १९८४ रोजी अटलांटातच वारले होते.