आखाजीचा झोका आणि देशाचं वय

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात लेकी माहेरी येतात. निंबाच्या फांदीला झोका बांधतात, गौराईची गाणी होतात, खापरावर मांडे पडतात. जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरकडे त्या झोक्याजवळ बसलं, की बायकांच्या बोलण्यात एक विषय हमखास निघतो. अमक्याच्या पोराने तिशी ओलांडली, घरची केळीची बाग आहे, विहिरीला पाणी आहे, पण मुलगी मिळत नाही. याला नशीब म्हणून सोडून देतात. खरं तर हा हिशेब पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच मांडला गेला होता.

निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे हजार मुलग्यांमागे ९५० मुली. जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयात हा आकडा २००१ साली ८८० होता आणि २०११ साली ८४२. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा; तो असूनही ही घसरण झाली. शेजारच्या नंदुरबारमध्ये, जिथे आदिवासी वस्ती मोठी आणि गरिबी जास्त, २०११ चा आकडा जळगावपेक्षा सुमारे शंभराने चांगला होता. मुली कमी झाल्या त्या सोनोग्राफी परवडणाऱ्या बागायती पट्ट्यात. मला हे फार टोचतं. २००१ मध्ये मोजलेली ती मुलं आज पंचविशी-तिशीत आहेत, आणि न जन्मलेल्या मुली आता कुठून आणणार?

लोकसंख्येचं शास्त्र असंच उशिरा बोलतं. भारतात १९९२-९३ मध्ये एका बाईला सरासरी ३.४ मुलं होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ती २ वर आली, महाराष्ट्रात १.७ वर. पिढी जेवढ्यास तेवढी राहायला २.१ लागतात. तरीही आपण वाढतोच आहोत, २०२३ मध्ये तर चीनलाही मागे टाकलं. कारण आज आई होण्याच्या वयातल्या बायका मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या आयांनी जास्त मुलं जन्माला घातली होती. उतारावरची बैलगाडी बैल थांबले तरी थोडी पुढे जाते, तसंच हे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने २०६० च्या दशकात आपण १७० कोटींच्या आसपास पोचू आणि मग उतरू लागू.

मधली वर्षं मोलाची आहेत. देशात निम्मे लोक तिशीच्या आतले आहेत, म्हणजे कमावणारे हात जास्त आणि खाणारी तोंडं त्या मानाने कमी. चीनने अशाच काळात कारखाने उभारले. पण तिथे १९८० च्या सुमारास लादलेलं एका मुलाचं धोरण २०१५ पर्यंत चाललं. पुढे दोन मुलांना, २०२१ मध्ये तीन मुलांना परवानगी दिली, तरी पाळणे हलले नाहीत. २०२२ पासून तिथली लोकसंख्या घटते आहे. साठी ओलांडलेले लोक २०२० मध्येच २६ कोटी होते. आणि चीनचं दरडोई उत्पन्न आपल्या जवळपास पाचपट आहे. आपल्याकडे २०५० पर्यंत दर पाच माणसांत एक साठीपुढचा असेल. शेतमजुराला ना पेन्शन, ना फंड. त्याची म्हातारपणाची शिदोरी कोण बांधणार?

आपले हात कुठे गुंतलेत तेही पाहावं. देशातले ४५ टक्क्यांच्या आसपास कामकरी शेतीत आहेत, पण अर्थव्यवस्थेत शेतीचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून धुळे-नंदुरबारची पोरं ताप्तीकाठच्या रेल्वेने सुरतेला जातात, कापडाच्या धंद्यात राबतात. सातपुड्यातली कुटुंबं तर दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. सोबत लेकरंही जातात. शाळेच्या पटावर नाव राहतं आणि मूल मात्र उसाच्या फडात पाचट गोळा करत असतं. तरुण लोकसंख्या ही ताकद म्हणायची, तर या लेकराचे ते पाच-सहा महिने सगळ्यांत महाग आहेत. वाया गेलेलं वर्ष पुढे कुठल्याही योजनेने भरून निघत नाही. साखरशाळा, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणी मुलांसाठी भरणारी शाळा, किंवा गावातच मुलांसाठी वसतिगृह, हे उपाय माहीत असलेले आहेत. ते दरवर्षी वेळेवर सुरू व्हायला हवेत, हंगाम निम्मा सरल्यावर नव्हे.

२०११ च्या गणनेतल्या जळगावच्या मुली आता पंधरा ते एकवीस वर्षांच्या झाल्यात. त्यांची संख्या कमी, म्हणून मान वाढला असं दिसत नाही. उलट ‘चांगलं स्थळ आलंय’ म्हणून शिक्षण अर्धवट सुटण्याची भीती वाढते. पुढच्या जनगणनेची मोजणी १ मार्च २०२७ च्या आधाराने होईल. त्यात जळगावच्या रकान्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुली किती भरतात, इकडे माझे डोळे लागले आहेत.