लागलेली सुपारी आणि सुटलेला जंत

चौथ्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये ल्यू मूझी नावाचा एक गरीब, खादाड आणि थोडा निलाजरा तरुण होता. घरात दाणा नसला की सासुरवाडी गाठायची, हा त्याचा शिरस्ता. एकदा तिथे मेजवानी होती. आडवा हात मारून झाल्यावर त्याने सुपारी मागितली. मेव्हणे फिदीफिदी हसले. म्हणाले, सुपारी खायची ती अन्न जिरवायला. तुम्ही बारमाही उपाशी, तुम्हाला कशाला लागते? पुढे ल्यू मूझी मोठा राज्याधिकारी झाला. त्याने मेव्हण्यांना जेवायला बोलावलं, तृप्त होईपर्यंत वाढलं आणि शेवटी सोन्याच्या तबकात धान्याच्या मापाने मोजून सुपाऱ्या मांडल्या.

सूड झकास आहेच, पण मला या गोष्टीत मेव्हण्यांचा टोमणा जास्त मोलाचा वाटतो. सुपारी पाचक असते हे तेव्हा इतकं सर्वश्रुत होतं की त्यावर विनोद होऊ शकत होता. तीही जिथे पोफळ उगवत नाही अशा मुलखात. पोफळ दक्षिणेची, आज चीनमधलं तिचं मुख्य घर म्हणजे हैनान बेट. सुपारीचं चिनी नाव ‘बिनलांग’ हेही मलय भाषेतल्या ‘पिनांग’वरून आलेलं, मलेशियातलं पेनांग बेट याच शब्दाचं. चिनी पंडितांनी मात्र ‘बिन’ आणि ‘लांग’ या दोन्ही अक्षरांचा संबंध मानाच्या पाहुण्याशी जोडला. व्युत्पत्ती म्हणून ते लटकं आहे. पण दक्षिणेत पाहुण्यापुढे सुपारी ठेवली नाही तर तो रुसायचा, एवढं त्यातून कळतं. पानसुपारीच्या देशातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

चिनी वैद्यकात चार वनस्पतींना ‘दक्षिणेची चार थोर औषधं’ म्हणतात, आणि बिनलांग त्यांतली एक. चव तिखट-कडवट, गुण उष्ण, काम जठरात आणि मोठ्या आतड्यात: साचलेलं अन्न हलवायचं, अडलेला वायू मोकळा करायचा, साठलेलं पाणी उतरवायचं आणि जंत मारायचे. गंमत अशी की एकाच फळाची तिथे तीन औषधं होतात. आतली बी म्हणजे बिनलांग. तीच काप करून करपेपर्यंत परतली की ज्याओ बिनलांग, हे सौम्य, अपचनावरचं औषध. आणि बाहेरची तंतुमय साल म्हणजे दाफूपी, शब्दशः ‘मोठ्या पोटाची साल’. ती पोट फुगण्यावर आणि अंगावरच्या सुजेवर. आपल्याकडे वाडीत सुपारी सोलली की तिच्या सालीची आठवणही कोणी ठेवत नाही.

परतण्यामागे निव्वळ परंपरा नाही. चीनच्या सरकारी औषधकोशानुसार सुपारीच्या बीमध्ये अरेकोलिन हे द्रव्य किमान 0.20 टक्के असावं लागतं. करपवलेल्या सुपारीला 0.10 टक्के चालतं. म्हणजे आच लागली की धार बोथटते. कच्ची सुपारी खाऊन पस्तावलेला माणूस भाजक्या सुपारीकडे का वळतो, याचं उत्तरही यातच आहे.

अरेकोलिन 1888 मध्ये जर्मनीत यान्स नावाच्या औषधशास्त्रज्ञाने वेगळं केलं. आपल्या शरीरात मज्जातंतूंचे निरोप पोचवणारं असेटिलकोलिन नावाचं रसायन असतं. अरेकोलिन त्याची नक्कल करतं आणि त्याच्याच कुलपांत आपली किल्ली फिरवतं. मग लाळ सुटते, घाम फुटतो, नाडी मंदावते, आतडी जोरात हलू लागतात. मराठीत याला दोन शब्द पुरतात: सुपारी लागली. दरदरून घाम आणि गरगरणारं डोकं घेऊन पंगतीतून उठलेला माणूस खरं तर औषधशास्त्राचा एक प्रयोगच अंगावर घेत असतो.

चिनी वैद्यांनी हाच परिणाम जंतांवर लोटला. नेहमीच्या काढ्यात सुपारी 3 ते 10 ग्रॅम. पण फीतकृमी पाडायचा असेल तर औषधकोश 30 ते 60 ग्रॅम सांगतो. हा चपटा, पट्टीसारखा जंत आतड्यात काही मीटर वाढतो. त्याची खरी पंचाईत डोक्यात असते. टाचणीच्या टोकाएवढं ते डोकं आतड्याला चिकटून राहिलं, तर बाकीची पट्टी पडूनही काही महिन्यांत जंत पुन्हा तेवढाच. विसाव्या शतकात फंग लानझोऊ या परजीवीतज्ज्ञाने यावर एक देशी जोडी अभ्यासली: भोपळ्याच्या बिया आणि सुपारी. सुपारीने जंताचं डोकं आणि पुढचा भाग लुळा पडतो, बियांनी मधला आणि शेपटाकडचा. पकड सुटलेल्या जंताला मग रेचक बाहेर काढतं. सकाळी अनशापोटी आधी बियांची पूड, दोनेक तासांनी सुपारीचा काढा, त्यानंतर मॅग्नेशियम सल्फेट हे रेचक, असा तो क्रम. वायव्य सिचुआनमधल्या तिबेटी वस्त्यांत अलीकडे पुन्हा चाचणी झाली, तेव्हाही एकेकट्यापेक्षा जोडीच सरस ठरली.

औषधकोशात याच मात्रेसाठी आणखी एका जंताचं नाव आहे: ‘आल्याची चकती’. दिसतो तसाच. पाण्यातला कच्चा शिंगाडा दातांनी सोलताना तो पोटात जातो. उपासाच्या दिवशी हे वाचू नये हे उत्तम.

आता या दोन्ही जंतांवर प्राझिक्वान्टेल नावाची गोळी आहे, स्वस्त आणि सोपी. एवढी सुपारी रिचवून मळमळ, उलट्या सोसण्याची गरज उरलेली नाही, आणि घरी हा प्रयोग तर कोणी करूच नये.

जंतांवरचा दावा मला पटतो, कारण परिणाम डोळ्यांनी मोजता येतो. जंत एक तर पडतो किंवा पडत नाही. साथीच्या रोगांबद्दल तसं म्हणता येत नाही. 1642 मध्ये वू योउके या वैद्याने साथीच्या तापावर दिलेल्या एका काढ्यात सुपारी प्रमुख होती. त्याच धाटणीचा, 9 ग्रॅम करपवलेली सुपारी असलेला काढा 2020 मध्ये चीनच्या सरकारी कोविड उपचारयोजनेत आला. वीसेक औषधींच्या त्या काढ्यात सुपारीने नेमकं काय केलं हे वेगळं काढणार कसं? सरकारी यादीत नाव आलं म्हणजे गुण सिद्ध झाला असं नव्हे.

याच तर्काचा उलटा वापर सुपारीचे व्यापारी करतात: औषधकोशात आहे, मग चघळायला काय हरकत? हरकत मोठी आहे. 2004 च्या अहवालात आयएआरसी या जागतिक कर्करोग संस्थेने सुपारीला, तंबाखूशिवायही, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. काढा घोटभर गिळला जातो आणि उपचार काही दिवसांत संपतो. चघळलेली सुपारी वर्षानुवर्षं, तासन्‌तास गालात बसते. तिथे अरेकोलिन पेशींना तंतू विणायला लावतं, गालाचं अस्तर ताठरतं आणि तोंड उघडेनासं होतं. हूनान प्रांतात तर बी सोडून नुसती मुरवलेली साल चघळतात, तंबाखूविना, आणि तिथेही तोंडाचे कर्करोग होतातच. चीनने 2021 मध्ये रेडिओ, टीव्ही आणि इंटरनेटवरच्या कार्यक्रमांतून सुपारीच्या जाहिराती बंद केल्या. मात्र औषधवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. सुपारी घातलेलं एक पाचक तिथे तान्ह्या बाळांना सर्रास दिलं जायचं आणि त्यावरून 2013 मध्ये मोठा गदारोळ झाला. मला तो रास्त वाटतो. थोड्या दिवसांचा काढा वेगळा, पण बाळाला दिलेल्या प्रत्येक चमच्याचा हिशेब कोणी मांडला होता?

अरेकोलिनची कथा मात्र काढ्यात संपली नाही. त्याच्या रेणूत फेरफार करून 1990 च्या दशकात झॅनोमेलिन बनलं. मेंदूवर ते उपयोगी दिसलं, पण मळमळ, उलटी, घाम यांनी रुग्ण हैराण झाले आणि ते अनेक वर्षं बाजूला पडलं. मग कोणीतरी त्याला ट्रॉस्पियम जोडलं. हे औषध तीच कुलपं बंद करतं, पण मेंदूत शिरू शकत नाही, त्यामुळे त्याचा अटकाव फक्त शरीरापुरता राहतो. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेत या जोडगोळीला स्किझोफ्रेनियावरचं औषध म्हणून मान्यता मिळाली. कॅप्सूलमधलं एक द्रव्य सुपारीच्या वंशातलं, आणि दुसरं रुग्णाला सुपारी लागू नये म्हणून.